निनावी अर्जाची दखल घेतली जाणार नाही

...आन् मला सांगा, माणसाला पूर्ण नाव-पत्ता लिहा म्हणणं हा काय गुन्हा हाय का? नाय, तुम्हीच सांगा! उभी हयात मी सरकारी हापिसात आवक-जावक टेबलाला काढली, आन् समोरच्या भिंतीला पाटी... 'निनावी अर्जाची दखल घेतली जाणार नाही.' ती पाटी बघत बघत माझे काळ्याचे पांढरे झाले. अर्ज आला की मी आधी खाली बघायचो. मजकूर नंतर! खाली नाव हाय का? गाव हाय का? सही हाय का? नसंल तर मजकूर सोन्याचा का असंना, टोपलीत! आता असल्या माणसानं रिटायर झाल्यावर काय करावं? आमच्या मंडळी आशाबाई म्हणतात, "गप बसावं." बसलो असतो तर लई बरं झालं असतं, हे मला आता कळतंय, पण कळंपर्यंत तिकडं शेजारच्या मुबारकभाईच्या पोरीच्या नोकरीचं... थांबा. पोरीवर मागून येतो.

तर झालं काय, आमी राहायला मुकुंदवाडीत, शहराच्या एका टोकाला. आमाला रेल्वे स्टेशन हाय, बरं का! बारकं हाय, पण हाय. आता ती हैदराबादकडं जाणारी संध्याकाळची जलद गाडी आमच्या घराच्या मागनं जाते आन् थांबत नाय. जलद गाडी हाय, कुठं कुठं थांबंल बिचारी? पण आमची गंमत बघा! हैदराबादला जायचं तर आमी मुकुंदवाडीतनं रिक्षा करायची, उलटं शहरातल्या मोठ्या स्टेशनला जायचं, तिथं गाडीत बसायचं, आन् मग ती गाडी आमाला घेऊन परत आमच्याच घरावरनं जाणार! खिडकीतनं आपलीच गच्ची दिसती, गच्चीवर वाळत घातलेलं आपलंच बनियन दिसतं, त्याला टाटा करायचा आन् पुढं जायचं. मग काढली आमी समिती. 'मुकुंदवाडी थांबा कृती समिती'. अध्यक्ष सर्जेराव, कारण त्यांचा मंडपाचा धंदा, बैठकीला खुर्च्या फुकट. सचिव मी, बद्रीनाथ, कारण मला 'सविनय सादर' लिहिता येतं.

आन् सचिव म्हणल्यावर नुसतं बसून कसं चालंल? मी इंटरनेटवर समितीचा ईमेल गट काढला. एकानं पत्र टाकलं की सगळ्या सभासदांना जातंय, आन् टाकलेलं प्रत्येक पत्र तिथंच कायम राहतंय, फाईलला लावल्यासारखं. मला तर लई आवडलं! गट काढताना त्या कॉम्प्युटरनं मला विचारलं हो, नाय असं नाय, सरळ विचारलं, 'ही पत्रं कोण वाचू शकतं? फक्त सभासद, का कुणीही?' आता तुम्ही सांगा, आपल्याला काय लपवायचंय? आपण काय चोऱ्या करायलोय? उद्या एखाद्या वरच्या साहेबानं सहज 'मुकुंदवाडी' टाकून बघितलं तर त्याला जनतेची ताकद दिसायला नको का? मी छाती पुढं काढली आन् दाबलं... 'कुणीही'! आशाबाईला हाक मारून सांगितलं, "बघा, आपला कारभार पारदर्शक!" त्या म्हणल्या, "आधी ते चहाचं कप उचला."

मग मी नियम काढला. पत्राच्या खाली पूर्ण नाव, घर, गल्ली, मोबाईल आन् ईमेल लिहिलाच पायजे. नायतर दखल घेतली जाणार नाही! आन् आमचे लोक बी एक नंबर, सांगितलं ते केलं. वर नुसतं लिहायचं 'सहमत', आन् खाली हा एवढा पत्ता, मारुती मंदिराच्या मागं, लिंबाच्या झाडासमोर, मोबाईल, ईमेल, घरी नसलो तर भावाचा मोबाईल! 'सहमत' चार अक्षरी आन् खाली सगळी वंशावळ. मी रोज सकाळी उघडून बघायचो, ऊर भरून यायचा, म्हणायचो, याला म्हणतात रेकॉर्ड!

आता मुबारकभाई. मुबारकभाई माझा शेजारी, गुलमंडीच्या जुन्या बाजारात कापडाचं दुकान, आन् माणूस म्हणजे... तुम्हाला काय सांगू, माझी बायपासची शस्त्रक्रिया झाली तेव्हा माझे सख्खे भाऊ फोनवर व्हते आन् हा माणूस दवाखान्यात बाकड्यावर व्हता. त्याला मीच समितीत ओढला. तो म्हणला, "बद्रीभाई, मेरेकू नक्को, मेरेकू टाईप करना नहीं आता." मी म्हणलं, पोरगी हाय ना, माहनूर टाईप करंल. आन् मुबारकभाईच्या घरात ईमेल एकच. दुकानाचा तोच, गॅसचा तोच, बँकेचा तोच, पोरीच्या कॉलेजचा तोच. मी एकदा विचारलं तर म्हणला, "घर को दरवाजा एकीच होना भाई. दस दरवाजे रखे तो कौन आया कौन गया, कैसा समझेंगा?"

माहनूर म्हणजे एमएस्सी, रसायनशास्त्र, डोक्यानं लई तल्लख. वडिलांच्या वतीनं तिनं गटात पत्र टाकलं, मजकूर झकास, खाली नाव, पत्ता, मोबाईल... आन् ईमेल बघतो तर काय! सगळा तोडून तोडून लिहिलेला. ते ॲट द रेटचं गोल चिन्ह असतंय ना, ते नायच! त्याच्या जागी अक्षरात 'ॲट', टिंबाच्या जागी अक्षरात 'डॉट', मधी मधी जागा सोडलेली. म्हणलं, एमएस्सी झालेली पोरगी आन् हिला चिन्ह सापडंना? आन् पत्ता अपूर्ण म्हणजे अर्जात त्रुटी! आता त्रुटी दिसल्यावर आवक-जावकचा माणूस काय करतो? मी गटावर शुद्धिपत्रक काढलं. व्हय! विषय: शुद्धिपत्रक. 'सभासद श्री. मुबारक यांचा ईमेल अनवधानाने चुकीचा नमूद झाला असून तो पुढीलप्रमाणे वाचावा.' आन् खाली चिन्हासकट, टिंबासकट, स्वच्छ, ठसठशीत, ठळक अक्षरात! मोबाईल नंबर बी परत एकदा दिला, राहायला नको म्हणून. ती पोरगी मला रस्त्यात भेटली तर म्हणली, "काका, ते काढून टाकता का?" मी म्हणलं, "बेटा, घाबरायचं नाय. आपला कारभार पारदर्शक!"

ऐकलं असतं तिचं! दोन मिनिटं थांबून 'का गं बाई' येवढं जरी विचारलं असतं!

मग पंधरा-वीस दिवसांत पत्रं यायला लागली. पहिलं पत्र मला आलं, परदेशातनं, कुणी बाई व्हती, नवरा वारलेला, मोठी इस्टेट, आन् तिला विश्वासू माणूस पायजे. तुम्हाला खोटं वाटंल पण सांगतो, माझा ऊर भरून आला! इस्टेटीसाठी नाय हो, मी काय येडा नाय. ऊर यासाठी भरला की आपलं कुणीतरी वाचलं! सातासमुद्रापार मुकुंदवाडीची पत्रं वाचली गेली! आजवर एका हापिसानं ओळ टाकली नव्हती आन् हिनं मला 'प्रिय मित्र' लिहिलं. मग दुसरं आलं, केस उगवायचं तेल. मग तिसरं, कर्ज घ्या. मग 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे'! कशासाठी निवड? काय पत्ता नाय. मग झुंबडच की! सर्जेरावांना गुडघ्याचा पट्टा, आमच्या सभासद दगडाबाईंना, वय वर्षं सत्तर, त्यांना परदेशी मुलींशी मैत्री करायची विचारणा! दगडाबाई मला म्हणतात, "भाऊसाहेब, ह्या पोरी रेल्वेच्या हायेत का?"

आता तुम्ही म्हणाल इथं तरी शहाणा व्हायला पायजे व्हतो. कसा व्हणार? हापिसातली सवय! आलेल्या कागदाला पोच दिल्याशिवाय मला जेवण जात नाय. मी बसलो आन् एकेका पत्राला उत्तर लिहिलं. 'महोदय, आपले पत्र प्राप्त झाले. तथापि आमच्या सभासदांस केसांच्या तेलाची तूर्त आवश्यकता नसल्याने कृपया यापुढे पत्रव्यवहार करू नये.' आन् खाली... खाली काय? 'प्रत माहितीस्तव', आन् सगळ्या सभासदांचे ईमेल! सगळ्यांचे! ओळीनं! कारण सभासदांना कळायला नको का सचिवानं काय कार्यवाही केली? आपला कारभार पारदर्शक! आठवड्यात काय झालं सांगू? पत्रं दसपट! ज्यांना येत नव्हती त्यांना बी यायला लागली. मी आशाबाईला म्हणलं, बघा, पत्रव्यवहार वाढला. त्या म्हणल्या, "तुमी रिटायर नाय झालात, हापिस घरी घेऊन आलात."

आता येतो पोरीवर. यावंच लागतंय.

माहनूरनं हैदराबादच्या एका औषधाच्या प्रयोगशाळेत अर्ज केला व्हता. तिच्या सोबतच्या मोनालीनं बी. मोनालीला मुलाखतीचा मेल आला. माहनूरला नाय. आता माहनूर वर्गात पयली, मोनाली मागं, मोनाली सोता म्हणती, "मला आला म्हणजे हिला यायलाच पायजे." पोरगी रोज बघायची, मेल नाय. मी त्यांच्याकडं चहाला गेलो तर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली आन् तोंड येवढंसं. म्हणली, "काका, ईमेलचा डबाच भरलाय. जागा संपली. तेल, कर्ज, लॉटरी, एवढ्या जड जड चित्रांची पत्रं येऊन येऊन सगळा भरलाय, नवीन काही आत येतच नाही." मुबारकभाई तर पेटलेला व्हता! "कौन है वो कमीना? मेरेकू बताओ! किसने मेरे घर का पता पूरे बाजार में बाँट दिया? फोन भी आ रे, सुबू-शाम, लोन लेव लोन लेव, लोन लेव लोन लेव... वो मिलना मेरेकू एक बार! गुलमंडी में उलटा लटकाऊँगा!" आन् माझ्याकडं वळून, "बद्रीभाई, तुमी सरकारी आदमी, तुम बोलो, ऐसे आदमी का क्या करना?"

माझ्या हातात त्याच्याच घरचा चहा व्हता. वर मलईवाला.

मी काय बोललो असंल? मी म्हणलं, "कडक कारवाई व्हायला पायजे." देवा रे! आपल्याच तोंडानं! आन् माहनूर माझ्याकडं बघायली. तुम्हाला सांगतो, तिनं आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तिनं नुसतं बघितलं आन् बाप आत गेला तेव्हा हळूच म्हणली, "काका, तुम्हाला माहितीय का हे कसं होतं?" म्हणलं, सांग बाई. "एक यंत्र असतं काका. माणूस नाही वाचत. ते दिवसरात्र इंटरनेटवर या पानावरनं त्या पानावर फिरतं. आपला गट सगळ्यांना उघडा, म्हणजे त्याला पण उघडा. त्याला गाडी कळत नाही, थांबा कळत नाही, ते फक्त ॲट द रेटचं चिन्ह हुडकतं. दिसलं की आजूबाजूची अक्षरं उचलायची, पिशवीत टाकायची. पिशवी भरली की विकायची. म्हणून मी ते चिन्ह टाकलं नव्हतं."

मी विचारलं, "म्हणजे ते मजकूर वाचतच नाय? सरळ खाली जाऊन पत्ताच बघतं?"

ती म्हणली, "हो काका."

माझ्यासारखंच की! हयातभर मी तेच केलं! मला येवढी लाज कधी वाटली नव्हती. आन् ते शेवटचं, पोचेचं, ते बी तिनं सांगितलं, की अशा पत्राला उत्तर दिलं की त्यांना कळतं हा पत्ता जिवंत हाय, इथं माणूस राहतो, मग त्या पत्त्याचा भाव वाढतो. म्हणजे बघा, चोराला घराची चावी मी दिली, आन् वर पावती बी मीच दिली! मी म्हणलं, बेटा, मी आत्ता गट बंद करतो, सगळं पुसून टाकतो. ती म्हणली, "करा. पण गेलेला पत्ता परत येत नाही काका." आन् बापाला? बापाला एक अक्षर नाय सांगितलं पोरीनं. उलट मलाच म्हणली, "अब्बूंना तुमच्याशिवाय कुणी नाही, राहू द्या." मी तो मलईवाला चहा तसाच खाली ठेवला.

मग तिनं डबा साफ केला आन् हैदराबादला फोन लावला. तिकडली बाई म्हणती, "मॅडम, मेल तर आमी पाठवला, तो परत आला. मग आमी फोन केला. एका गृहस्थानं उचलला. आमी फक्त 'हैदराबादसे बोल रहे' म्हणलो, तर ते म्हणले 'लोन नक्को', आन् पुढं जे म्हणले ते मला सांगता येणार नाय." मुबारकभाई कोपऱ्यात उभा, कान लाल! म्हणतो, "मेरेकू क्या मालूम? सब हैदराबादसेच बोलते." तर नशीब त्या बाईचं काळीज मोठं. म्हणली, मंगळवारी सकाळी या, घेते मुलाखत. सोमवारी संध्याकाळी बापलेक निघाले. मुकुंदवाडीतनं रिक्षा केली, उलटं मोठ्या स्टेशनला. मीच सोडायला गेलो, बॅग मीच उचलली, मुबारकभाई नको नको म्हणतोय तरी उचलली. तो मला म्हणतो, "बद्रीभाई, तुम हो इसलिये हिंमत है." ...मला सांगा, असं ऐकल्यावर माणसानं कुठं बघावं? मी गाडीच्या चाकाकडं बघितलं.

मुलाखत झाली. चांगली झाली. आता निकाल. निकाल कुठं येणार? अर्जात लिहिलेल्या ईमेलवरच! पत्ता बदलून मिळत नाय, त्यांचा नियम. आता नियमाला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू? आन् माहनूरनं मधल्या काळात शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडेगावला, एका शाळेत शिकवायचं काम धरलेलं, सकाळी लवकर जायची, संध्याकाळी यायची. मग मी सोताहून पुढं झालो. म्हणलं, बेटा, तो डबा रोज मी साफ करतो. भरू देणार नाय. ही माझी शिक्षा समज. ती नको म्हणत व्हती हो! तिला आतनं काहीतरी वाटत असणार! पण मी हट्टाला पेटलो. मुबारकभाईला तर आनंदच, "सरकारी आदमी है, कागद संभालने की आदत है."

रोज आंघोळ करून जायचो. पयल्यांदा एकेक पत्र उघडून वाचायचो. मग दोन-तीन दिवसांनी नुसतं वरचं शीर्षक. कर्ज... काढ. तेल... काढ. प्रिय मित्र... काढ. 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे'... काढ! कारण त्या नावाची रोज दहा-बारा यायची. कुठं लॉटरीत निवड, कुठं सहलीत निवड, कुठं मोफत मोबाईलला निवड. माझा हात असा बसला, असा बसला की डोळा झाकून सपासप! आन् काढलेली पत्रं त्या कचरापेटीत जमा होतात, ते बी मला बघवंना. कॉम्प्युटरनं विचारलं, 'कायमचे काढून टाकायचे?' मी म्हणलं, कायमचे! आमच्या हापिसात जुना कागद जाळायचा तर आधी यादी करायची, साहेबाची सही घ्यायची, साक्षीदार ठेवायचा. इथं एका टिचकीत सगळं साफ. संध्याकाळी माहनूर आली, मी अभिमानानं दाखवलं, "बघ! डबा रिकामा. आरशासारखा. कारभार पारदर्शक!"

ती खाली बसली. बॅग खांद्यावरच. म्हणली, "काका... मोनालीला आज मेल आलाय. तिची निवड नाही झाली. माझा पण आजच आला असेल."

मी म्हणलं, "नाय गं, तसलं काय नव्हतं."

म्हणली, "मोनालीच्या मेलचं शीर्षक होतं, 'खेद आहे'. ज्यांची निवड झाली त्यांना कुठलं येईल काका?"

अरे बापरे! सकाळपासनं मी 'अभिनंदन' किती उडवली? कुठल्या लॉटरीची, कुठल्या सहलीची, आन् त्यात एक खरं असलं तर? माणूस आयुष्यभर एका 'अभिनंदन'ची वाट बघतो आन् मी ते तेलाच्या जाहिरातीत गुंडाळून फेकलं? मी तिला म्हणलं, फोन लाव, आत्ता लाव. ती म्हणली, हापिस बंद झालं काका, उद्या. उद्या! ती रात्र मी कशी काढली ते आशाबाईला विचारा. त्या म्हणल्या, "जाऊन सांगा मुबारकभाईला, का असं कूस बदलत बसणार?"

सकाळीच गुलमंडी गाठली. दुकान नुकतं उघडलेलं, मुबारकभाई एका बाईला परकराचं कापड फाडून देत व्हता. हातात ही एवढी कात्री! मी म्हणलं ती बाई जाऊ द्यावी. बाई जाईना, तिला अस्तर पायजे. मग मी तसंच, अस्तरासकट सांगितलं. गट मी उघडा ठेवला. शुद्धिपत्रक मी काढलं. पोच मी दिल्या, प्रत माहितीस्तव मी लावली. आन् पोरीच्या निकालाचं पत्र बहुतेक मीच काढलं, कायमचं. सगळं एका दमात. म्हणलं, मुबारकभाई, तू ज्याला हुडकतोयस ना उलटा लटकवायला, तो मी. लटकव. कात्री थांबली. ती बाई बी अस्तर विसरून माझ्याकडं बघायली.

मुबारकभाईनं कात्री खाली ठेवली आन् म्हणला, "अरे यार... मैं समझा कोई बड़ा डाकू हुयेंगा. ये तो अपना बद्री निकला!"

हसला हो! हसला! आन् मी रडलो, भर दुकानात, त्या बाईसमोर. त्यानं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आन् मग म्हणला, "पर बद्रीभाई, बच्ची का कुछ उलटा हुआ तो मैं हँसूँगा नहीं, ये भी सुन लो." मी म्हणलं, बरोबर हाय. ते बरोबरच व्हतं. मग दोघं तसेच बसून राहिलो, त्याचा मोबाईल मधी काउंटरवर ठेवून, आन् गिऱ्हाईक आलं तरी दोघांचं ध्यान मोबाईलकडं. वाजला! नवीन नंबर. त्यानं सवयीनं तोंड उघडलं, 'लो...' येवढं आलं बी बाहेर, आन् मी झडप घालून त्याचं तोंड दाबलं! शाळेतल्या फोनवरनं माहनूर बोलत व्हती. झाली! निवड झाली! पत्र कालच पाठवलेलं, परत पाठवतो म्हणले, आन् हजर व्हायची तारीख तोंडी सांगितली. मुबारकभाईनं मला मिठी मारली, आन् त्या अस्तरवाल्या बाईला, ती परत आली व्हती पुढचं ऐकायला, तिला मीटरभर कापड फुकट.

पोरगी गेली हैदराबादला. तशीच, रिक्षा करून, उलटं मोठ्या स्टेशनला जाऊन. मी गच्चीवर उभा राहिलो, गाडी घरामागनं धडधडत गेली, खिडकीतनं एक हात हालला. तिचा असंल, मी तिचाच धरला. जाताना तिनं सोताचा नवीन ईमेल काढला, सोताचा एकटीचा. घरच्यांना दिला, मोनालीला दिला, आशाबाईला बी दिला! आशाबाई मला तो सांगत नाहीत. म्हणतात, "तिनं सांगितलंय, काकांना नका देऊ."

आता मला वाटलं, तोंडी बोललो ते बोललो, पण आपली चूक लेखी मान्य करावी, पोरीचं कौतुक बी लेखी करावं. लेखी नसंल त्याला काय अर्थ? मग मी मुबारकभाईच्या त्या घरच्या ईमेलवरच एक पत्र लिहिलं. चार दिवस लागले मला. रडत रडत लिहिलं, खोटं नाय सांगत. माफी मागितली, आशीर्वाद दिला, तिच्या हुशारीचं लिहिलं, तिनं बापाला माझं नाव सांगितलं नाय ते मी विसरणार नाय असं लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, घर, गल्ली, मोबाईल, सगळं. आन् विषयाच्या जागी लिहिलं, 'अभिनंदन, आपली निवड झाल्याबद्दल'.

आठ दिवस झाले, उत्तर नाय. काल मी गेलो मुबारकभाईकडं, सहज विचारावं तसं विचारलं, म्हणलं, भाई, माझं काय पत्र दिसलं का?

तो म्हणला, "हौ, आया था ना! अब मैं खुद साफ करता रोज, तुम्हारे जैसा. निकाल दिया. कायमचं!"

म्हणलं, "अरे, वाचलं तरी का?"

"पढ़ने का क्या उसमें?" म्हणला, "ऊपरीच लिखा था, अभिनंदन."